बहुघूर्णक ड्रोन : चलित्रांची निवड व जुळणी

तीन किंवा अधिक पंख्यांच्या उत्थापक बलावर हवेत तरंगणाऱ्या आणि मनुष्य आत न बसता दुरून चालविल्या जाणाऱ्या विमानाला बहुघूर्णक ड्रोन म्हणतात. चार पंख्यांचा प्रकार सर्वांत रूढ असून सहा व आठ पंख्यांचे प्रकारही वापरात आहेत. प्रत्येक पंख्याला स्वतंत्र विद्युत् चलित्र असते. व्यवहारात त्यालाच मोटर म्हणतात. या विमानाला सुकाणू नसते व पंख्यांच्या पात्यांचा कोनही बदलत नाही. वर जाणे, कलणे, वळणे या सर्व क्रिया चलित्रांचे वेग कमीजास्त करून साधल्या जातात. त्यामुळे चलित्र हेच येथे उत्थापनाचे आणि सुकाणूचे साधन ठरते. स्वहस्ते ड्रोन बांधणाऱ्याच्या दृष्टीने चलित्राची निवड ही सर्वांत अवघड पायरी होय. कारण ते एकटे निवडता येत नाही. एकूण वजन, पंख्याचा व्यास, विद्युत् घटमालेचा दाब आणि वेगनियंत्रकाची क्षमता यांच्याशी त्याचा मेळ बसवावा लागतो. या जुळणीचा प्रश्न विमानविद्येच्या आरंभापासूनचा आहे. बारामती व इंदापूर या पुणे जिल्ह्यातील तालुक्यांत तो पाणी उपसण्याच्या साधनांच्या रूपाने ड्रोनच्या कितीतरी आधी येऊन गेलेला आहे.

आरंभीचे प्रयत्न : पहिली बहुघूर्णक विमाने माणसाला घेऊन उडण्यासाठीच बांधली गेली. फ्रान्समध्ये लुई ब्रेगे व झाक ब्रेगे हे बंधू आणि शार्ल रिशे यांनी १९०७ मध्ये चार घूर्णकांचे यंत्र तयार केले. मध्यभागी एकच एंजिन असून त्याची शक्ती चारही घूर्णकांकडे नेली होती. यंत्र जमिनीपासून थोडेसे उचलले गेले. परंतु ते तोलून धरण्यासाठी चार कोपऱ्यांवर माणसे उभी करावी लागली. अमेरिकेच्या भूसेनेसाठी जॉर्ज द बोथेझाट या रशियन अभियंत्याने बांधलेले चार घूर्णकांचे यंत्र डिसेंबर १९२२ मध्ये सु. पावणेदोन मिनिटे हवेत राहिले. एत्येन एमिशेन या फ्रेंच अभियंत्याने ४ मे १९२४ रोजी अशाच यंत्रातून एक किमी. लांबीचा बंदिस्त मार्ग पुरा केला. त्यास ७ मिनिटे ४० सेकंद लागली. एमिशेन यांच्या यंत्रात चार मोठ्या घूर्णकांबरोबर तोल व दिशा सांभाळण्यासाठी आठ लहान पंखे होते आणि या सर्वांना एकच एंजिन फिरवीत होते.

या यंत्रांची अडचण एकच होती. एका एंजिनाची शक्ती दांडे, दंतचक्रे व पट्टे यांच्या साहाय्याने चार ठिकाणी पोहोचविताना वजन वाढे. शिवाय चारही घूर्णक एकाच वेगाने बांधले गेल्यामुळे तोलासाठी आणखी यंत्रणा जोडावी लागे. ती सांभाळताना वैमानिकाची तारांबळ उडे. पुढे एक मोठा घूर्णक व शेपटीकडे एक लहान घूर्णक असलेले हेलिकॉप्टर अधिक सोपे ठरले आणि बहुघूर्णकाची कल्पना मागे पडली.

विद्युत् चलित्रांचा उदय : ही कल्पना पुन्हा पुढे आली ती लहान आकारात. त्यासाठी चार गोष्टी जुळून याव्या लागल्या. पहिली चलित्राची. जुन्या एकदिश प्रवाहाच्या चलित्रात ब्रश व दिक्परिवर्तक यांच्या घर्षणातून प्रवाहाची दिशा बदलली जाते. ब्रश झिजतात, ठिणग्या उडतात व शक्ती वाया जाते. टी. जी. विल्सन व पी. एच. ट्रिकी यांनी १९६२ मध्ये हे काम अर्धसंवाहकांकडे सोपविणारी रचना मांडली. ब्रशविरहित चलित्राचा आरंभ सामान्यतः तेथून धरतात. दुसरी गोष्ट चुंबकाची. निओडिमियम, लोह व बोरॉन यांचे अतिशय प्रबळ चुंबक १९८३–८४ मध्ये जपान व अमेरिका येथे स्वतंत्रपणे पुढे आले आणि अंगठ्याएवढ्या चलित्रातून शेकडो वॉट शक्ती काढणे शक्य झाले. तिसरी गोष्ट लिथियम-आयन घटमालेची. १९९१ मध्ये सोनी कंपनीने ती बाजारात आणली. चौथी, वळण्याचा वेग मोजणाऱ्या घूर्णीची किंवा जायरोची. तो सिलिकॉनच्या चकतीवर बसेल इतका लहान व स्वस्त झाला. सेकंदाला शेकडो वेळा तोल तपासून चारही चलित्रांचे वेग बदलण्याचे जे काम १९२२ च्या वैमानिकाला जमत नव्हते, ते आता लहानसा सूक्ष्मप्रक्रियक करू लागला.

चार चलित्रांची खेळण्यासारखी विमाने जपानमध्ये १९९० च्या सुमारास आणि कॅनडामध्ये १९९९ मध्ये विक्रीस आली. मात्र स्वहस्ते बांधणीची परंपरा छांदिष्टांनी निर्माण केली. २००० नंतरच्या काही वर्षांत संगणकाच्या मोडक्या सीडी-चालकांतील लहान चलित्रे सोडवून, त्यांत जाड तारेचे नवे वेढे व प्रबळ चुंबक घालून ती विमानाच्या नमुन्यांना बसविण्याची टूम युरोपात निघाली. वेढे किती, तार किती जाड, तारा कशा जोडायच्या हे प्रत्येक जण करून पाहत असे. चलित्राची सर्व गुणवैशिष्ट्ये वेढ्यांच्या संख्येत कशी दडलेली असतात, हे त्या पिढीला हाताने कळले. तयार चलित्र विकत घेणाऱ्या नंतरच्या पिढीला तेच कागदावरील आकड्यांतून समजून घ्यावे लागते. २०१० मध्ये एका खेळयंत्राच्या हातात धरावयाच्या साधनातील जायरो काढून त्यावर उड्डाण-नियंत्रक रचले गेले आणि घरगुती बांधणी बरीच स्वस्त झाली.

भारतात या क्षेत्रातील महत्त्वाचे पाऊल महाराष्ट्रात पडले. मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये आयडियाफोर्ज ही कंपनी स्थापिली. पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण संशोधन प्रयोगशाळेच्या सहकार्याने तिने नेत्र हे सु. दीड किग्रॅ. वजनाचे चार पंख्यांचे टेहळणी विमान तयार केले. २००९ मधील ‘थ्री इडियट्स’ या चित्रपटात दिसणारे उडते यंत्र याच कंपनीचे होते. ते पाहून ड्रोन बांधण्यास प्रवृत्त झालेल्या विद्यार्थ्यांची संख्या थोडी नसावी. सुटे भाग मिळण्याचे या भागातील जुने ठिकाण म्हणजे पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली. मात्र दुकानात मिळणारे चलित्र आपल्या ड्रोनला योग्य आहे की नाही, याचा निवाडा घेणाऱ्यानेच करावयाचा असतो.

बारामती–इंदापूरची पार्श्वभूमी : हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतील आहेत. नीरा डाव्या कालव्याला १८८५ च्या सुमारास पाणी आले आणि उसाची शेती वाढली. १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण पुरे झाल्यावर इंदापूरच्या नदीकाठी उपसा सिंचन पसरले. विहिरीचे पाणी काढण्याचे पूर्वीचे साधन मोट हे होय. विहीर किती खोल व मोटेचे कातडे किती मोठे यांवरून दोन बैलांची मोट की चार बैलांची, हे ठरे. बैल आधी व मोट नंतर, असा क्रम कोणी लावीत नसे. मोटेची जागा पंपाने घेतली तेव्हा हाच हिशेब नव्या भाषेत करावा लागला. किर्लोस्करवाडी येथे १९२६ मध्ये केंद्रोत्सारी पंप तयार झाला आणि १९४६ पासून पुण्यात किर्लोस्करांची तेल एंजिने निघू लागली. पाणी किती उंच चढवायचे, किती लिटर हवे, नळ किती व्यासाचा, यांवरून पंप आणि पंपावरून एंजिन किंवा चलित्र ठरविले जाऊ लागले.

या हिशेबात एक गोष्ट वरकरणी उलटी वाटते. जास्त उंचीसाठी बनविलेला केंद्रोत्सारी पंप कमी उंचीवर चालविला, तर त्याला आराम मिळत नाही. तो जास्त पाणी फेकतो, जास्त शक्ती ओढतो व चलित्राचे वेढे जळू शकतात. विद्युत् दाब घसरला तरी चलित्र अधिक प्रवाह घेऊन तापते. मोटर जळणे व ती पुन्हा गुंडाळून आणणे हा या तालुक्यांतील बागायतदाराच्या नित्याच्या अनुभवाचा भाग आहे. तालुक्याच्या गावी वेढे भरून देणारी दुकाने त्यावरच चालतात. पंप व ड्रोनचा पंखा यांना लागू होणारा नियमही एकच आहे : वेग दुप्पट केला तर लागणारी शक्ती आठपट होते. म्हणून येथील शेतकरी कुटुंबातील मुलाला ड्रोनचे चलित्र हे अगदी अनोळखी प्रकरण वाटण्याचे कारण नाही.

विमानविद्येशीही या भूमीचा जुना संबंध आहे. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरची उभारणी ज्यांनी केली, त्या वालचंद हिराचंद यांनीच डिसेंबर १९४० मध्ये बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन केली. वालचंदनगरच्या कारखान्यात पुढे भारतीय अग्निबाणांच्या मोटरींची कवचे तयार झाली. अर्थात अग्निबाणाच्या संदर्भात मोटर हा शब्द घन इंधन जाळणाऱ्या नळकांड्यासाठी वापरतात. विद्युत् चलित्राशी त्याचे साम्य केवळ नावापुरते आहे.

जुळणीचे तत्त्व : निवडीचा आरंभ वजनापासून होतो. सांगाडा, घटमाला, नियंत्रक, कॅमेरा व खुद्द चलित्रे यांचे एकूण वजन काढून त्याच्या किमान दुप्पट उत्थापन सर्व पंखे मिळून देऊ शकतील, असा संकेत रूढ आहे. हा संकेत केवळ वर चढण्याच्या वेगासाठी नाही. वारा आला की एका बाजूची चलित्रे वेग वाढवून तोल सावरतात. ती आधीच पूर्ण वेगाने फिरत असतील, तर सावरण्यास काही शिल्लक उरत नाही व ड्रोन उलटतो. म्हणून एका जागी तरंगताना निम्म्याच्या आसपास शक्ती वापरली जावी अशी योजना करतात.

वजनानंतर पंखा येतो. उत्थापन वेगाच्या वर्गाच्या व व्यासाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढते. तेवढेच उत्थापन दुप्पट व्यासाच्या पंख्याने घेतले, तर फेरे एकचतुर्थांश व शक्ती निम्मी पुरते; मात्र अक्षावरील परिबल दुप्पट लागते. मोठा पंखा सावकाश फिरविणे हे काटकसरीचे व लहान पंखा वेगाने फिरविणे हे चपळाईचे, असे म्हणता येईल. सांगाड्यात मावेल तेवढा मोठा पंखा घ्यावा आणि त्याला लागणारे परिबल देऊ शकेल असे चलित्र मग शोधावे.

चलित्रावरील आकडे येथे उपयोगी पडतात. त्यांतील चार अंकी आकडा तारांचे वेढे असलेल्या स्थिर भागाचे माप सांगतो, उदा., २२१२ म्हणजे २२ मिमी. व्यास व १२ मिमी. उंची. हे माप जितके मोठे तितके परिबल अधिक. दुसरा आकडा केव्ही या नावाने दिलेला असतो. पंखा न लावता एक व्होल्ट दाबाला चलित्र मिनिटाला किती फेरे घेईल, ते तो सांगतो. किलोव्होल्ट या एककाशी त्याचा संबंध नाही, पण नवशिक्यांचा येथे हटकून घोटाळा होतो. वेढे कमी व तार जाड असेल तर केव्ही वाढतो. वेढे अधिक असतील तर तो घटतो. केव्ही मोठा म्हणजे चलित्र जोरकस, हा समज चुकीचा आहे. केव्ही जितका मोठा तितके दर अँपिअरला मिळणारे परिबल कमी.

एक उदाहरण घेता येईल. एकूण वजन १·६ किग्रॅ. व पंखे चार, प्रत्येकाचा व्यास १० इंच म्हणजे २५·४ सेंमी. आहे असे मानू. तरंगताना प्रत्येक पंख्यावर ४०० ग्रॅ. भार येतो. आदर्श गणिताप्रमाणे त्यास सु. २४ वॉट शक्ती हवी. पंखा व चलित्र यांतील व्यय धरता ती जवळजवळ दुप्पट होते. चारांची मिळून सु. १९० वॉट होते. ११·१ व्होल्टची, तीन घटांची, ५ अँपिअर-तास क्षमतेची घटमाला घेऊन तिचा चारपंचमांश भाग वापरला, तर सु. १४ मिनिटे उड्डाण मिळेल. या जुळणीस २२१२ मापाचे, ९२० केव्हीचे चलित्र योग्य ठरते. पूर्ण वेगाला ते १२ ते १५ अँपिअर प्रवाह घेते. म्हणून वेगनियंत्रक २० अँपिअर किंवा अधिक क्षमतेचा असावा आणि घटमाला एकूण ६० अँपिअर सहज देऊ शकेल अशी असावी.

हेच गणित बारामतीच्या हवेत करून पाहणे उद्बोधक आहे. हा प्रदेश समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी. उंचीवर आहे. डिसेंबरातील १२° से. तापमानाच्या पहाटेशी तुलना करता मे महिन्यातील ४०° से.च्या दुपारी हवेची घनता सु. ९ टक्क्यांनी कमी असते. तेवढ्याच फेऱ्यांना उत्थापनही तितकेच घटते. तरंगत राहण्यास सु. ५ टक्के शक्ती अधिक लागते आणि चलित्र थंड करणारी हवाच तापलेली असते. हिवाळ्यात जेमतेम जुळलेला ड्रोन उन्हाळ्यात न पेलण्याचे कारण बहुधा येथे सापडते. थंड प्रदेशात समुद्रसपाटीजवळ चाचणी करून काढलेले निर्मात्याचे तक्ते येथे जसेच्या तसे लागू करू नयेत.

सदोष जुळणीचे परिणाम : वरील ड्रोनला शर्यतीच्या लहान ड्रोनमधील २,३०० केव्हीचे चलित्र बसविले तर काय होईल? पंखा तोच राहिला, तर तेवढेच परिबल देण्यास त्याला अडीचपट प्रवाह लागेल. शिवाय ते पंखा अधिक वेगाने फिरवू पाहील व शक्तीची मागणी वेगाच्या घनाच्या प्रमाणात चढेल. काही सेकंदांतच वेगनियंत्रक किंवा वेढ्यांवरील विसंवाहक लेप जळतो. लेप टिकला तरी चुंबकांना धोका उरतो. सामान्य प्रतीचे निओडिमियम चुंबक सु. ८०° से.च्या पुढे आपले चुंबकत्व कायमचे गमावू लागतात. असे चलित्र बाहेरून धडधाकट दिसते. मात्र त्याचे परिबल घटलेले असते आणि पुढच्या उड्डाणात ते इतर तिघांच्या बरोबरीने टिकत नाही. जळालेल्या चलित्रापेक्षा हे अधिक घातक होय.

चारही चलित्रे एकाच निर्मात्याची, एकाच मापाची व केव्हीची असणे म्हणूनच आवश्यक असते. एक नादुरुस्त झाले म्हणून हाताशी असलेले वेगळे चलित्र बसविल्यास उड्डाण-नियंत्रक काही काळ ते सांभाळून घेतो, पण राखीव शक्ती त्यातच खर्ची पडते. दोन पंखे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने व दोन विरुद्ध दिशेने फिरवावे लागतात, नाहीतर सांगाडा स्वतःभोवती गरगर फिरतो. ब्रशविरहित चलित्राच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल केल्यास त्याची दिशा पालटते. त्रिकलीय पंपाच्या बाबतीत ही युक्ती खेड्यातील वायरमनलाही ठाऊक असते.

फवारणीचे ड्रोन : ऊस पाच-सहा महिन्यांचा झाला की त्यात शिरून फवारणी करणे कठीण होते. या अडचणीमुळे ड्रोनने होणारी फवारणी या भागाला उपयुक्त वाटू लागली. पिकांवर ड्रोनने कीडनाशके फवारण्याची कार्यपद्धती केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. प्रात्यक्षिकांसाठी कृषी विज्ञान केंद्रे व संशोधन संस्था यांना ड्रोनखरेदीसाठी अनुदान देण्याची योजना जानेवारी २०२२ मध्ये आली. बारामतीजवळ माळेगाव येथे कृषी विज्ञान केंद्र आहे, तसेच अजैविक ताणाचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्थाही २००९ पासून आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना सुरू झाली.

दहा लिटर औषध वाहणाऱ्या ड्रोनचे उड्डाणाच्या वेळचे वजन २५ किग्रॅ.च्या आसपास जाते. सहा पंख्यांच्या रचनेत प्रत्येक चलित्रावर सु. ४ किग्रॅ. भार येतो. त्यासाठी सु. ३० इंच व्यासाचे पंखे, १०० केव्हीच्या आसपासची मोठी चलित्रे व बारा घटांची ४४·४ व्होल्टची घटमाला वापरतात. फवारा चालू असताना टाकी रिकामी होत जाते व भार सतत बदलतो, म्हणून चलित्राने मोठ्या पट्ट्यात कार्यक्षम राहणे आवश्यक ठरते. औषधाचे तुषार व काळ्या मातीची धूळ यांपासून बचावासाठी चलित्र बंदिस्त असावे लागते. चार पंख्यांच्या ड्रोनचे एक चलित्र बंद पडल्यास तो कोसळतो. सहा पंख्यांचा ड्रोन पुरेशी राखीव शक्ती असेल तर खाली उतरविता येतो. औषधाने भरलेली टाकी शेतमजुरांच्या डोक्यावरून जात असताना हा फरक महत्त्वाचा असतो.

कायद्याच्या बाजूनेही घरगुती बांधणीला मर्यादा आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी ड्रोनच्या उड्डाणावर बंदी घातली होती. डिसेंबर २०१८ पासून नियमांच्या चौकटीत उड्डाणाला परवानगी मिळाली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये बरेच सुलभ असे ड्रोन नियम आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आणण्यास मनाई झाली, परंतु सुट्या भागांची आयात खुली राहिली. त्यामुळे चलित्रांची जुळणी करण्याचे काम देशातील बांधणाऱ्यांकडे आले. २०२१ च्या नियमांनुसार शिक्षण, संशोधन किंवा छंद यांसाठी बांधलेला व नजरेच्या टप्प्यात उडविला जाणारा २५ किग्रॅ.पर्यंतचा नमुना प्रकार-प्रमाणपत्राविना चालविता येतो. त्यावर नोंदणी क्रमांक मात्र हवा. तोच ड्रोन दुसऱ्याच्या शेतावर मोबदला घेऊन फवारणीसाठी नेला, तर ही सवलत राहत नाही. बारामतीच्या औद्योगिक क्षेत्राजवळ विमानतळ असून तेथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालत आले आहे; शिकाऊ विमाने दोन्ही तालुक्यांवरून जातात. विमानतळाच्या सीमेपासून ८ ते १२ किमी. अंतरातील पट्ट्यात २०० फुटांच्या वर परवानगीविना उडण्यास या नियमांत मुभा नाही. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री फिरणाऱ्या ड्रोनमुळे गावोगाव घबराट पसरली होती. तेव्हापासून अनोळखी ड्रोनकडे संशयाने पाहिले जाते.

मोठ्या फवारणी ड्रोनसाठी चलित्र, वेगनियंत्रक व पंखा हे तिन्ही एकाच बंदिस्त संचात जुळवून विकण्याची पद्धत रूढ झाली आहे. तेथे बांधणाऱ्याने केवळ वजन व घटमाला पाहावयाची असते. २२१२ सारख्या लहान चलित्रांच्या बाबतीत अशी सोय क्वचितच असते. ती बसविल्यावर ड्रोन जमिनीला घट्ट बांधून, पंखे लावून, अर्धा मिनिट चालवून पाहतात आणि मग घटमाला काढून प्रत्येक चलित्राला बोट लावून पाहतात. ज्या चलित्रावर बोट ठेववत नाही, त्याचा पंखा एक इंचाने लहान करून चाचणी पुन्हा घेतात.